पेशींच्या हद्दीवर

हृदयाच्या स्नायूवर ज्याने काही काळ स्वतःच्या हाताने काम केले आहे, त्याच्या ध्यानात एक गोष्ट पुस्तकाच्या आधी येते, आणि ती अशी की, हा स्नायू कापला तरी मरत नाही. हातापायांच्या स्नायूतील एखादा तंतू मध्येच छेदला तर त्या छेदाची इजा तंतूच्या लांबीभर पसरत जाते आणि बहुधा तो सबंध तंतूच निकामी होतो. परंतु बोकडाच्या हृदयातील एखादा बारीकसा दोरा दोन्ही टोकांस कापून, बशीतल्या मेणावर टाचून, कोमट क्षारद्रावणाच्या धारेखाली ठेवला, की कापलेल्या कडांपाशी प्रथम जे विद्युत्-विभव ढासळलेले दिसते तेच हळूहळू सावरू लागते, आणि घटकाभराने त्या दोऱ्यास कोठे शस्त्र लागले होते याची खूण शोधून काढणेही कठीण होते. उट्रेख्ट येथे काम करणाऱ्या थिओडोर एंगेलमान या शास्त्रज्ञाने १८७० नंतरच्या काही वर्षांत बेडकाच्या हृदयावर नेमके हेच पाहिले होते, आणि त्यावरून त्याने असे अनुमान बांधले होते की, या स्नायूतील पेशी जिवंतपणी एकत्र नांदतात, पण मरण मात्र प्रत्येकीला स्वतंत्रपणे येते. आयुष्यातील कामाची जी वर्षे मला लाभली त्यांतील बहुतेक या एका अनुमानाचा अर्थ उकलण्यात गेली असे म्हणावयास हरकत नाही. कारण पेशी एकत्र नांदतात म्हणजे नेमके कशाच्या आधारे, आणि एकीचे मरण दुसरीस शिवत नाही ते कोणत्या बंदोबस्तामुळे, हे दोन प्रश्न वरकरणी परस्परविरोधी वाटले तरी त्यांचे उत्तर एकाच जागी, म्हणजे दोन पेशींमधील हद्दीवर, सापडावयाचे होते.

मी मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीरक्रियाशास्त्र विभागात प्रयोगनिर्देशक म्हणून रुजू झालो तो काळ १९६० नंतरच्या दशकातला. ऑसिलोस्कोपसारखे एखादे यंत्र आणावयाचे म्हणजे दरखास्त, तिच्यावरील शेरे, परकीय चलनाचा परवाना आणि जकातीची कैफियत या साऱ्या पायऱ्या चढाव्या लागत. आणि यंत्र आल्यावर ते ठेवावयाचे टेबल रस्त्यावरील वाहनांच्या हादऱ्याने थरथरू नये म्हणून हवा भरलेल्या स्कूटरच्या ट्यूबांवर कडप्प्याची जाड लादी अंथरून त्याची तजवीज आम्हांलाच करावी लागे. पहाटे कत्तलखान्यात जाऊन हृदये आणणे हेही माझ्याकडेच होते. तेथील एक वयस्कर खाटीक पुढे पुढे या कामात इतका तरबेज झाला की, बोटांचा दाब न पडू देता तो हृदय अलगद काढून ठेवी आणि मी दिसताच म्हणे, “साहेब, आज कोवळ्या बोकडाचं दिल हाय, धक्का लागू दिला नाही.” बर्फात थंड केलेल्या द्रावणाचा थर्मास घेऊन मी परत येई, आणि निलयाची, म्हणजे खालच्या मोठ्या कप्प्याची, भिंत उघडून तिच्या पोकळीत एका बाजूपासून दुसरीपर्यंत मोकळे ताणलेले पांढुरके दोरे कापून घेई. यान पर्किन्ये याने १८३९ मध्ये मेंढीच्या हृदयात ज्या तंतूंचे प्रथम वर्णन केले तेच हे. आणि गुरे, मेंढ्या, शेळ्या यांच्या हृदयात ते विशेष ठसठशीत असल्यामुळे या कामासाठी आम्हांला कोणत्याही श्रीमंत प्रयोगशाळेचा हेवा करण्याचे कारण नव्हते.

हे दोरे निवडण्यास व्यावहारिक कारणही होते. काचेची नळी तापवून ओढून जिचे टोक अर्ध्या मायक्रॉनहूनही बारीक केलेले आहे आणि जिच्यात पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण भरलेले आहे, अशी सूक्ष्मशलाका पेशीच्या पटलातून आत घालावयाची आणि तेथील विभव मोजावयाचे, ही पद्धत १९४९ मध्ये लिंग व जेरार्ड यांच्या निबंधामुळे रूढ झाली. परंतु हृदयाचा स्नायू प्रत्येक ठोक्यास आकुंचन पावतो आणि शलाका एक तर निसटते नाही तर मोडते. पर्किन्ये तंतूंमध्ये आकुंचन पावणारे द्रव्य थोडे असल्यामुळे ते फारसे हलत नाहीत. १९४९ सालीच केंब्रिज येथे एदुआर कोराबफ व सिल्व्हिओ वाइडमान यांनी सस्तन प्राण्याच्या हृदयपेशीच्या आतून पहिली नोंद केली ती याच तंतूंवर. शलाका आत शिरताच ऑसिलोस्कोपवरील प्रकाशरेषा एकदम उणे नव्वद मिलिव्होल्टच्या आसपास खाली जाते, स्थिर होते, आणि मग आवेग, म्हणजे ठोक्याची विद्युत्-लाट, येताच उभीच्या उभी शून्यापलीकडे झेपावते. हे दृश्य ज्याने प्रत्यक्ष पाहिले त्याला जिवंतपणा म्हणजे काय याची एक मोजता येण्याजोगी व्याख्या मिळते असे मला आजही वाटते. पावसाळ्यात मात्र हवेतील दमटपणामुळे काचेवरूनच विद्युत् झिरपे आणि कित्येक दिवस काम तहकूब ठेवावे लागे.

दोन शलाका घेऊन एकीतून ठरावीक प्रवाह सोडावयाचा आणि दुसरी दूरदूर नेत त्या प्रवाहाचा परिणाम किती अंतरापर्यंत पोहोचतो ते पाहावयाचे, हा वाइडमानचा १९५२ सालचा प्रयोग मी ज्या दिवसांत शिकलो ते दिवस मला विशेष मोलाचे वाटतात. त्याचे गणित मुळात हृदयासाठी रचलेले नव्हते. समुद्राखालून टाकावयाच्या तारायंत्राच्या तारेतून संदेश कसा क्षीण होत जातो याचा विचार करताना विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन या नावाने प्रसिद्धीस आलेला पदार्थवैज्ञानिक, याने १८५५ मध्ये ते मांडले, आणि १८७० मध्ये मुंबईच्या किनाऱ्यास जी तार येऊन लागली तिच्या वर्तनासही तेच समीकरण लागू होते. आतला गाभा विद्युत् वाहून नेतो, बाहेरचे वेष्टण थोडी थोडी गळू देते, आणि या दोहोंच्या प्रमाणावरून परिणाम किती दूर जाईल हे ठरते. वाइडमानला पर्किन्ये तंतूत हे अंतर सुमारे १.९ मिलिमीटर आढळले. एका पेशीची लांबी मिलिमीटरचा दहावा हिस्सा धरली, तर एका जागी घातलेल्या विद्युतेचा प्रभाव ओळीने डझनावारी पेशींच्या पार जात होता. आणि प्रत्येक पेशीच्या टोकाशी जर तिच्या बाजूंसारखेच दुर्वाह पटल असते तर असे होणे सर्वथा अशक्य होते. आमचे आकडे त्याच्या आकड्यांशी तंतोतंत जुळत नसत, पण अर्थ निःसंशय तोच होता.

गंमत अशी की, माझ्या विद्यार्थिदशेत शिकविलेल्या मतानुसार यात आश्चर्य करण्यासारखे काहीच नव्हते. हृदयाचा स्नायू म्हणजे आतून अखंड असलेले एकच जाळे, त्यात पेशींच्या भिंती नाहीत, आणि सूक्ष्मदर्शकात ज्या गडद आडव्या रेषा दिसतात त्यांचे महत्त्व गौण, असे कित्येक ग्रंथ सांगत असत. मात्र १९५४ मध्ये स्योस्ट्रांड व अँडरसन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या आडव्या रेषा तपासल्या, तेव्हा तेथे दोन स्वतंत्र पटले समोरासमोर उभी आहेत, मध्ये फट आहे आणि पेशी पूर्णपणे एकमेकींपासून वेगळ्या आहेत, असे दिसून आले. म्हणजे शलाका म्हणत होती की हद्द नाही, आणि छायाचित्र म्हणत होते की हद्द आहे. निकोलस स्पेरेलाकिस या शास्त्रज्ञाने तर असेही प्रतिपादन केले की, पेशींमध्ये सुवाह मार्ग मानण्याची गरजच नाही. दोन पटलांमधील अरुंद फटीत निर्माण होणाऱ्या विद्युत्-क्षेत्रानेच आवेग पलीकडे उडी घेऊ शकेल. त्या काळी हे मत अल्पसंख्यांचे ठरले, आणि माझेही झुकते माप दुसऱ्या पक्षास होते, परंतु विभागात दुपारच्या चहाला त्यावर ज्या चर्चा रंगत त्यांत कोणी ते हसण्यावारी नेल्याचे मला स्मरत नाही.

दोन्ही साक्षी खऱ्या कशा ठरल्या हे सांगणे हा या विषयातील सर्वांत रमणीय भाग. बार, ड्यूई आणि बर्गर यांनी १९६५ मध्ये बेडकाच्या अलिंदातील, म्हणजे वरच्या कप्प्यातील, तंतू साखरेच्या तीव्र द्रावणात बुडविले. पाणी निघून गेल्याने पेशी आक्रसल्या, जेथे त्यांची पटले एकमेकांस अगदी चिकटलेली होती तेथे ती सुटी झाली, आणि त्याबरोबर आवेगाची वाटचाल थांबली. दुसऱ्याच वर्षी बर्न येथे वाइडमानने निलयाच्या स्नायूच्या बारीक पट्टीचा अर्धा भाग किरणोत्सारी पोटॅशियमच्या द्रावणात आणि उरलेला अर्धा साध्या द्रावणात ठेवला, आणि ते पोटॅशियम आतल्या आत, एकामागून एक कित्येक हद्दी ओलांडून, दुसऱ्या अर्ध्यात मिलिमीटरभराहून अधिक सरकल्याचे दाखविले. विद्युत् नव्हे, तर प्रत्यक्ष द्रव्यच एका पेशीतून दुसरीत जात होते! १९६७ मध्ये रेव्हेल व कार्नोव्स्की यांनी लँथॅनमच्या साहाय्याने त्या चिकटलेल्या जागी अवघी वीसएक अँगस्ट्रॉमची फट आणि तिच्यात षट्कोनी मांडणीने बसलेले कण दाखविले. हीच गॅप जंक्शने. आज आपण जाणतो की त्यातील प्रत्येक अर्धनलिका कनेक्सिन नावाच्या प्रथिनाच्या सहा घटकांनी बनलेली असते आणि दोन पेशींच्या अर्धनलिका समोरासमोर जुळून एक मार्ग होतो. निलयात मुख्यत्वे जे कनेक्सिन-४३ असते त्याचा जनुकीय आराखडा १९८७ मध्ये बेयर, पॉल व गुडइनफ यांनी प्रसिद्ध केला.

आणि एंगेलमानच्या निरीक्षणाचा अर्थही येथेच उलगडतो. हे मार्ग कायमचे खुले नसतात. पेशीच्या आत कॅल्शियमचे प्रमाण बेसुमार वाढले, किंवा आतील द्रव आम्लधर्मी झाला, की ते मिटतात. जखमी पेशीत बाहेरचे कॅल्शियम लोटताच तिच्याकडे जाणारे शेजारणींचे दरवाजे बंद होतात आणि इजा तिथल्या तिथे राहते. द्रावणातून कॅल्शियम काढून टाकले तर कापलेला दोरा असा सावरत नाही, हे देलेझ याच्या १९७० सालच्या निबंधानंतर आम्ही स्वतः करून पाहिले, आणि वर्षानुवर्षे रोज सकाळी ज्या घटनेवर माझे सारे काम विसंबून होते तिचे कारण त्या दिवशी माझ्या डोळ्यांदेखत घडत असलेले पाहून मला झालेला आनंद शब्दांत सांगण्याजोगा नाही. रक्तपुरवठा तुटलेल्या स्नायूतही हेच होते. पहिल्या अर्ध्या तासाच्या आतच पेशींमधील रोध चढू लागतो आणि मरणारा प्रदेश उरलेल्या हृदयापासून विद्युत्दृष्ट्या विलग होऊ लागतो. हद्दीवरील हा पहारा नसता तर लहानशा झटक्यातूनही हृदय बचावते ना.

इथवर जे सांगितले ते दोरा एकाच दिशेचा असल्यामुळे सोपे होते. निलयाच्या भिंतीचा पातळ पापुद्रा घेतला की खरी गुंतागुंत सुरू होते, कारण येथे आवेगास उभे, आडवे, तिरपे असे सर्व मार्ग मोकळे असतात. निलयातील पेशी सुमारे शंभर ते सव्वाशे मायक्रॉन लांब आणि वीस-पंचवीस मायक्रॉन रुंद असते. तिच्यातील गॅप जंक्शने प्रामुख्याने टोकांकडील आडव्या पायऱ्यापायऱ्यांच्या पट्ट्यांवर असतात, लांब कुशीवर फार थोडी. पेशींच्या लांबीच्या दिशेने एक मिलिमीटर जाताना आवेगास आठ-दहा हद्दी लागतात, रुंदीच्या दिशेने तेवढेच अंतर जाताना चाळीस-पन्नास. सानो, ताकायामा व शिमामोतो यांनी १९५९ मध्ये टोकियो येथे दिशेनुसार वेग बदलतो हे दाखविले होते; १९७६ मध्ये बर्नच्याच प्रयोगशाळेत क्लेर याने वासराच्या स्नायूत आतील विशिष्ट रोध मोजला, तो लांबीच्या दिशेने सुमारे ४०० आणि रुंदीच्या दिशेने सुमारे ३,६०० ओहम-सेंटिमीटर भरला. नऊ पटीचे वर्गमूळ तीन. आणि वेगातील फरकही जवळजवळ तिपटीचाच असतो. विज्ञानात असा हिशेब क्वचितच इतका चोख मिळतो, आणि तो मिळाला की मनुष्य साहजिकच समजतो की प्रकरण निकालात निघाले.

ते निघाले नव्हते, हे ड्यूक विद्यापीठातील मॅडिसन स्पाख याच्या १९८१ सालच्या निबंधाने उघड केले, आणि माझ्या उत्तरायुष्यातील कामाला या एका निबंधाइतकी दिशा दुसऱ्या कशानेही दिली नाही. तारेचे गणित सांगते की तंतूच्या आतील रोध कमी-जास्त झाल्यास वेग बदलेल, पण आवेगाच्या चढणीचा आकार बदलणार नाही. स्पाखला कुत्र्याच्या हृदयात आढळले ते असे की, आवेग आडव्या दिशेने, म्हणजे सावकाश, जात असताना प्रत्येक जागी विभवाची चढण उलट अधिक वेगवान असते. आणि ठोक्याच्या पाठोपाठ अवेळी दुसरा ठोका दिला असता वेगवान अशा उभ्या दिशेला तो अडखळून थांबतो, तर मंद अशा आडव्या दिशेला तोच पुढे पोहोचतो. आमच्या विभागात हा निबंध वाचून झाल्यावर एका तरुण सहकाऱ्याने सरळ विचारले, “सर, जो रस्ता जलद तोच कच्चा, हे कसं मानायचं?” त्याचे समाधान करण्याचा एकच मार्ग होता, आणि आम्ही बोकडाच्या उजव्या निलयाचा पापुद्रा घेऊन, प्रथम तंतूंच्या रेषेत आणि मग त्यांना काटकोनात उत्तेजन देऊन, एकाच जागी रोवलेल्या शलाकेवरील चढणी टिपून घेतल्या. आडवी चढण अधिक उभी होती. पुन्हा पुन्हा दिशा बदलून पाहिली तरी तीच.

यातील मर्म असे की, पेशींची रचना सलग नसून खंडित आहे, आणि आवेगाच्या दृष्टीने पुढच्या पेशी म्हणजे केवळ वाट नव्हे, तर भरावयाचे भांडेही आहे. पाटाचे पाणी अरुंद चरातून एकदम मोठ्या वाफ्यात शिरले की त्याची धार मोडते आणि वाफा ओलांडण्याआधीच ते जिरून जाते; तेच जर लहान लहान सऱ्यांतून एकेक करून सोडले तर प्रत्येक सरी काठोकाठ भरते व पाणी सावकाश का होईना शेवटच्या रोपापर्यंत पोहोचते. उभ्या दिशेने रोध अल्प असल्यामुळे प्रत्येक पेशीत आलेली विद्युत् तिच्यापुढील अनेक पेशींत लगोलग पसरून जाते. आडव्या दिशेने हद्दीचा रोध मोठा असल्यामुळे ती त्या पेशीतच कोंडली जाते, पेशी झटकन भरते आणि तिच्या पटलातील सोडियम आत घेऊन चढणीस जोर देणारे दरवाजे जोमाने उघडतात. स्पाखच्या या निष्कर्षाचे पुढे सर्वत्र एकमताने स्वागत झाले असे नाही. ऊतक बदलला, परिस्थिती बदलली की कोणत्या दिशेला आवेग अडखळतो हेही बदलते, असे इतरांचे प्रयोग सांगत होते, आणि तो वाद माझ्या मते हितकारकच झाला. परंतु मूळ मुद्दा टिकला. १९९७ मध्ये रॉबिन शॉ व योराम रूडी यांनी गणिताने दाखविले की, पेशींमधील जोडणी कमी करीत गेल्यास वेग उतरत असताना आवेगाची शाश्वती काही मर्यादेपर्यंत वाढत जाते. आणि १९९८ मध्ये बर्न येथे रोर, कुचेरा व क्लेबर यांनी काचेवर ठरावीक आकारात वाढविलेल्या हृदयपेशींत जोडणी तोडत नेऊन आवेग सेकंदाला सेंटिमीटरच्या अंशापर्यंत मंदावला तरी खंडित होत नाही असे प्रत्यक्ष दाखविले. सोडियमच्या मार्गांना औषधाने दडपून वेग उतरविला, तर मात्र याच्या पुष्कळ आधीच वाटचाल बंद पडते. दोन्हींकडे मंदगती, पण एकीत जोर शाबूत, दुसरीत जोरच गेलेला. हा भेद ज्याला कळला त्याला हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे निम्मे शास्त्र कळले, असे मी विद्यार्थ्यांना निक्षून सांगत असे.

निसर्गाने हा भेद स्वतः कसा वापरला आहे हेही पाहण्याजोगे आहे. सुनाओ तावारा या जपानी तरुणाने मार्बुर्ग येथे आशॉफच्या हाताखाली काम करून १९०६ मध्ये ज्या गाठीचे वर्णन केले, त्या अलिंद व निलय यांच्यामधील गाठीतील पेशी लहान, बारीक आणि अल्पस्वल्प जोडणीच्या असतात. तेथे आवेग सेकंदाला सुमारे पाच सेंटिमीटर इतका रेंगाळतो, आणि त्या विलंबात निलय भरून घेतो. पर्किन्ये तंतूत तोच आवेग सेकंदाला दोन ते चार मीटर धावतो.

वार्धक्य आणि व्रण यांचा विचार मी पुष्कळ उशिरा हाती घेतला. विकृतिशास्त्र विभागातील एका स्नेह्याच्या सौजन्याने वृद्धांच्या अलिंदांचे छेद पाहावयास मिळू लागले, तेव्हा तंतूंच्या जुड्यांमध्ये उभे शिरलेले कोलॅजनचे पांढरे पडदे मी प्रथम नीट न्याहाळले. तरुण ऊतकात शेजारशेजारच्या जुड्या कुशीकुशीने जोडलेल्या असतात. वयाबरोबर त्या कुशी एकमेकींपासून तुटत जातात आणि टोकांची जोडणी तेवढी राहते. स्पाख आणि डोल्बर यांनी १९८६ मध्ये मानवी ऊतकावर याचा विद्युत् पुरावा दिला होता: एका ठोक्याची सुबक नोंद वृद्ध ऊतकात अनेक बारीक दातांची होते, कारण आवेग त्या पडद्यांना वळसे घालीत नागमोडी जातो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर राहिलेल्या व्रणातही तेच. दे बाकर व सहकारी यांनी १९९३ मध्ये मानवी हृदयातील व्रणात तग धरून राहिलेल्या तंतूंचा माग काढला, तेव्हा तेथील पेशी स्वतः धडधाकट असूनही, केवळ वाट वेडीवाकडी झाल्यामुळे, आवेग विलक्षण विलंबाने पलीकडे पोहोचत असल्याचे दिसले. उशिरा पोहोचलेला हा आवेग बाहेर पडतो तोवर सभोवतालचा स्नायू विश्रांती घेऊन पुन्हा सज्ज झालेला असतो, आणि मग ते चक्र स्वतःभोवती फिरू लागते. जॉर्ज राल्फ माइन्स याने १९१३-१४ मध्ये कापून केलेल्या वर्तुळाकार स्नायूवर ही भ्रमंती दाखविली होती. व्रणात ते वर्तुळ कापावे लागत नाही, कोलॅजनच आखून देते.

या सगळ्याचे मोल मनुष्याच्या प्राणांत मोजावे लागले, हे लिहिल्याशिवाय माझ्याने राहवत नाही. झटक्यातून उठलेल्या रुग्णांच्या हृदयात अधूनमधून उमटणारे अवेळी ठोके धोक्याचे, तेव्हा औषधाने ते दाबून टाकावे म्हणजे आकस्मिक मृत्यू टळतील, असा विचार १९८० नंतरच्या काळात सर्वत्र रूढ होता, आणि आमच्या रुग्णालयातही तो तितक्याच सद्भावनेने पाळला जात असे. अमेरिकेत या समजुतीची कसोटी घेणारी कास्ट नावाची पाहणी झाली. एन्कायनाइड व फ्लेकायनाइड ही सोडियमचे मार्ग रोखणारी औषधे घेणाऱ्यांत अवेळी ठोके खरोखरच कमी झाले होते. पण १९८९ मध्ये या दोन औषधांचा भाग मध्येच थांबवावा लागला, आणि १९९१ च्या अंतिम अहवालात औषध घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३, तर निरुपद्रवी गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६ मृत्यू पावल्याची नोंद आहे. याची कारणे एकाहून अधिक असतील. तथापि जेथे व्रणाने पेशींची जोडणी आधीच विस्कटली आहे, तेथे सोडियमचाही जोर काढून घेतला म्हणजे काय घडते, याचे उत्तर पापुद्र्यावर काम केलेल्या मनुष्यास फार लांब शोधावे लागत नाही. ते अहवाल आले त्या काळात मी औषधशास्त्राच्या व हृदयरोगाच्या सहकाऱ्यांसमवेत अनेकदा बसलो आणि एकच गोष्ट आग्रहाने मांडली, की आयनांचा अभ्यास जितक्या काटेकोरपणे आपण शिकवितो तितक्याच काटेकोरपणे पेशीचा आकार, तिची लांबी-रुंदी, तिच्या जोडण्या कोठे आहेत आणि त्यांच्यामध्ये काय येऊन बसले आहे, हे शिकविले पाहिजे. त्यानंतर प्रात्यक्षिकात दिशा बदलून वेग मोजण्याचा प्रयोग विद्यार्थ्यांना सक्तीचा करून घेण्याची मंजुरी मी मिळविली; आणि सेवेतील माझ्या साऱ्या खटपटींत या मंजुरीचे मला सर्वाधिक समाधान आहे.

निवृत्तीनंतर एक गोष्ट अशी झाली की तिने या विषयाचे एक जुने प्रकरण पुन्हा उघडले. २००१ मध्ये गुटस्टाइन व सहकारी यांनी ज्यांच्या हृदयातच तेवढे कनेक्सिन-४३ नाही असे उंदीर तयार केले. ते जन्मले, वाढले, त्यांची हृदये नीट आकुंचन पावत होती. आवेगाचा वेग निम्म्याच्या आसपास उतरला होता, आणि दोन महिन्यांच्या आत ते निलयातील अनियमित ठोक्यांनी अकस्मात मेले. जोडणी विस्कटण्याचे भय किती खरे आहे याचा याहून उघड पुरावा नको. पण मला अधिक विचारात पाडले ते दुसऱ्या गोष्टीने: नऊ-दशांश मार्ग नाहीसे होऊनही वेग निम्माच का घटावा? सोडियमचे मार्ग पेशीच्या अंगभर सारखे विखुरलेले नसून टोकांकडील त्याच आडव्या पट्ट्यांत दाटीने असतात, असे याच सुमारास निरनिराळ्या प्रयोगशाळांतून दिसून येत होते. आणि समोरासमोरच्या दोन दाट रांगांमध्ये अतिशय अरुंद फट असेल, तर त्या फटीतील विद्युत्-क्षेत्राने पलीकडची रांग जागी होऊ शकेल, हे स्पेरेलाकिसचे मत आता गणिताने पुन्हा तपासले जाऊ लागले. ज्या मताच्या विरुद्ध बाजूला मी माझ्या तरुणपणी उभा होतो, त्यास वाइडमानच्या पोटॅशियमने खोडून काढले नव्हते. पेशींत मार्ग आहेत एवढेच त्याने सिद्ध केले होते, मार्गांशिवाय काही घडतच नाही असे नव्हे. विभागाची धुरा आता ज्या विद्यार्थिनीकडे आहे तिने कळविले आहे की, गॅप जंक्शने मिटवून, पेशींमधील फटीची रुंदी द्रावणाच्या तीव्रतेने कमी-जास्त करीत, बोकडाच्या पापुद्र्यावरच दोन्ही दिशांचा वेग मोजण्याची तिची योजना मंजूर झाली आहे. मी तिला स्पेरेलाकिसचे जुने निबंध आणि बार यांचा १९६५ चा निबंध यांच्या माझ्याजवळच्या प्रती पाठविल्या, आणि दोहोंतील द्रावणांची तीव्रता कोष्टकात शेजारीशेजारी लिहून घ्यावी असे सुचविले. कारण साखरेच्या द्रावणाने पेशी आक्रसतात तेव्हा मार्ग तुटतात आणि फटही रुंदावते, आणि या दोन परिणामांना एकमेकांपासून वेगळे काढल्याखेरीज तो प्रयोग कोणत्याच पक्षाच्या बाजूने निकाल देऊ शकणार नाही.